उपासाची भगर आणि सातपुड्याची कुटकी

एकादशीच्या किंवा नवरात्राच्या आदल्या दिवशी सीताबर्डीच्या एखाद्या किराणा दुकानात जाऊन पाहा. साबुदाणा, शेंगदाणे आणि शिंगाड्याचे पीठ यांच्या शेजारी भगरीच्या पांढऱ्याशुभ्र पुड्या मांडलेल्या दिसतील. भगर तुमच्यापैकी बहुतेकांनी खाल्ली असेल. पण ही भगर म्हणजे नेमके काय, असे विचारले तर किती जणांना सांगता येईल? कोणी म्हणेल, ती तांदळाची कणी आहे. कोणी म्हणेल, उपासाला चालते त्या अर्थी ते धान्यच नव्हे!

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र भगर हे अस्सल धान्यच आहे. भात, गहू आणि ज्वारी ज्या तृणकुलातील आहेत, त्याच कुलातील लहान दाण्यांच्या गवतांपासून ती मिळते. बाजारात भगर किंवा वरईचे तांदूळ म्हणून जे विकले जाते ते बहुधा कुटकी किंवा सावा या पिकांचे सडलेले, म्हणजे कांडून टरफल काढलेले दाणे असतात. शहरात वर्षातून पाच-दहा वेळा उपासाला खाल्ले जाणारे हे धान्य सातपुड्यातल्या आदिवासींचे पिढ्यान् पिढ्या रोजचे अन्न होते आणि काही गावांत अजूनही आहे. दाणा तोच, पण तो साठवण्याच्या व सडण्याच्या रीतीत मोठा फरक आहे. हा फरक समजून घेणे आपल्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. ते कसे, ते या लेखात पाहू.

झिरो माइलच्या दगडावरील गावे

सीताबर्डीतील झिरो माइलचा दगड तुम्ही पाहिला असेल. त्यावर काही गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. त्यांत छिंदवाडा, शिवनी आणि बैतूल ही नावे आहेत. ही तिन्ही गावे नागपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या पठारावर वसलेली आहेत. नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद हा याच डोंगरातील देवगडचा. तेव्हा या शहराचे आणि सातपुड्याचे नाते जुने आहे.

नागपूरची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३१० मीटर आहे. पश्चिमेकडे अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात गेलो तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. मेळघाटात मुख्यतः कोरकू लोक राहतात. ‘कोरकू’ या शब्दाचा त्यांच्या भाषेतील अर्थ ‘माणसे’ असा आहे. ही भाषा मुंडा गटातील, म्हणजे संथाळी आणि मुंडारी यांच्या जवळची. छिंदवाडा, बैतूल आणि शिवनीच्या डोंगरांत गोंड लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांची गोंडी भाषा तेलुगू-तमिळप्रमाणे द्राविड कुलातील. पूर्वेस मंडला व दिंडोरीच्या बाजूला बैगा लोक राहतात. भाषा निरनिराळ्या, चालीरीती निरनिराळ्या, पण या सर्वांच्या शेतांत कोदो आणि कुटकी ही दोन पिके मात्र सारखी आढळतात.

कुटकीचे शास्त्रीय नाव पॅनिकम सुमात्रेन्स. नाशिक-ठाण्याच्या डोंगरांत तिला वरई म्हणतात, नंदुरबारकडे मोर म्हणतात, तर तमिळनाडूत सामै म्हणतात. कोदो म्हणजे पास्पालम स्क्रोबिक्युलेटम. कोकणात ‘हरीक’ म्हणतात तो हाच. दोन्ही पिके भारतातच मानवाने लागवडीखाली आणली. गुजरातेतील रोजडी येथील हडप्पाकालीन वसाहतीच्या उत्खननात कुटकीचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीही या देशात कुटकी शिजत होती.

डोंगरउताराचे पीक

डोंगरात भात का पिकवत नाहीत, गहू का नाही, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. उतारावरची जमीन पाहिली की उत्तर मिळते. तेथे मातीचा थर पातळ, त्यात मुरूम आणि दगडगोटे. पाऊस भरपूर पडतो खरा, पण पाणी उतारावरून वाहून जाते. दोन पावसांमध्ये पंधरा दिवसांचा खंड पडला तर भाताचे रोप माना टाकते.

कुटकी अशा वेळी का तग धरते? याचे एक कारण तिच्या पानांत आहे. वनस्पती पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून कर्बवायू आत घेतात, पण त्याच रंध्रांतून पाण्याची वाफही बाहेर जाते. ऊन कडक झाले की पाणी वाचवण्यासाठी रंध्रे मिटू लागतात. मग पानात कर्बवायू कमी आणि प्राणवायू जास्त अशी स्थिती होते. भाताच्या पानातील कर्बवायू पकडणारे विकर (त्याला रुबिस्को म्हणतात) अशा वेळी चुकून प्राणवायूलाच धरते आणि तयार झालेल्या साखरेचा काही भाग वाया जातो.

कुटकी, कोदो, ज्वारी आणि मका यांच्या पानांत निराळी सोय आहे. ती कर्बवायू आधी चार कार्बन-अणू असलेल्या एका आम्लात बांधतात, ते आम्ल पानाच्या आतल्या विशिष्ट पेशींत नेतात आणि तेथे कर्बवायू पुन्हा मोकळा करतात. त्यामुळे रुबिस्कोभोवती कर्बवायू दाट राहतो व चूक होत नाही. रंध्रे थोडीच उघडी ठेवूनही काम भागते आणि पाणी वाचते. या वनस्पतींना ‘सी-४’ वनस्पती म्हणतात.

दुसरे कारण पिकाच्या मुदतीत आहे. कुटकीच्या हळव्या जाती पेरल्यापासून पंचाहत्तर ते नव्वद दिवसांत तयार होतात. जूनअखेर पेरलेली कुटकी सप्टेंबरात कापणीला येते. डोंगरात श्रावण-भाद्रपद हे सर्वांत अडचणीचे महिने. मागच्या वर्षीचे धान्य संपत आलेले असते आणि ज्वारी अजून हिरवी असते. अशा वेळी घरात येणारे पहिले धान्य म्हणजे कुटकी.

लहान दाण्याचे गणित

आता दाण्याकडे वळू. कुटकीचे एक हजार दाणे मोजून तराजूत टाकले तर त्यांचे वजन जेमतेम दोन ते अडीच ग्रॅम भरते. भाताचे हजार दाणे वीस ग्रॅमच्या आसपास भरतात. दाणा लहान असण्याचे काही परिणाम होतात. ते समजण्यासाठी थोडे गणित करू.

समजा, एक दाणा गोल असून त्याचा व्यास ४ मिलिमीटर आहे आणि दुसऱ्याचा २ मिलिमीटर. गोलाचे घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, तेव्हा मोठ्या दाण्याइतके वजन भरायला लहान दाणे आठ लागतील. पृष्ठफळ मात्र व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. एका लहान दाण्याचे पृष्ठफळ मोठ्याच्या एक-चतुर्थांश. असे आठ दाणे, म्हणजे एकूण पृष्ठफळ दुप्पट झाले! वजन तेवढेच, पण हवेशी संबंध येणारा पृष्ठभाग दुप्पट. त्याच दाण्यांचे पीठ केले तर हा पृष्ठभाग आणखी कितीतरी पटींनी वाढतो.

पृष्ठभाग वाढला की दमट हवेतील ओल दाण्यात लवकर शिरते, प्राणवायू दाण्यातील तेलाला लवकर गाठतो आणि बुरशीलाही वाढायला जागा मिळते. कुटकीच्या दाण्यात तेल थोडेथोडके नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांत १०० ग्रॅम कुटकीत सुमारे ३.९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ दिले आहेत, तर सडीक तांदळात केवळ ०.५ ग्रॅम. हे तेल मुख्यतः दाण्याच्या अंकुरात आणि बाहेरच्या कोंड्यात असते. कोंडा उघडा पडला की ते हळूहळू खवट होऊ लागते.

निसर्गाने मात्र दाण्याला एक संरक्षण दिलेले आहे. ते म्हणजे त्याचे टरफल.

कणगी, जाते आणि सूप

कुटकीच्या दाण्याभोवती गुळगुळीत, चिवट टरफल असते. कोदोचे टरफल तर इतके कठीण असते की किडे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. डोंगरातील लोक या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेतात. कापणीनंतर धान्य उन्हात चांगले वाळवतात आणि टरफलासकट कणगीत भरतात. कणगी बांबूच्या कामट्यांची विणलेली आणि शेणमातीने लिंपलेली असते. पुढे लागेल तसे, दोन-चार दिवसांपुरतेच धान्य काढून सडतात. नीट वाळवून टरफलासकट ठेवलेला कोदो काही वर्षे टिकतो. त्यामुळे दुष्काळाच्या वर्षी तो मोठा आधार ठरत असे.

सडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दगडाचे जड जाते वापरले तर टरफलाबरोबर दाणाही भरडला जाईल. म्हणून मंडला-दिंडोरीकडे कोदो भरडायला मातीचे हलके जाते वापरतात. त्याच्या दोन तळ्यांमध्ये टरफल घासून सुटते, पण दाणा फुटत नाही. नंतर उखळात मुसळाने हलके कांडतात आणि सुपात पाखडतात. पाखडताना दाणा व टरफल एकाच वेळी हवेत उडतात. टरफलाचे वजन कमी आणि पृष्ठभाग मोठा, त्यामुळे हवेचा विरोध त्याला अधिक जाणवतो. ते मागे रेंगाळते आणि वाऱ्याबरोबर पुढे निघून जाते. जड दाणा मात्र सरळ सुपात पडतो. भौतिकशास्त्राचा हा प्रयोग रोज घरोघर होत असतो!

यात एक गोष्ट विसरता कामा नये. हे सर्व काम स्त्रियांच्या अंगावर पडते. एका कुटुंबापुरती कुटकी सडायला तासन् तास मुसळ चालवावे लागते. दाणा टिकवण्याची ही रीत उत्तम आहे, पण तिची किंमत कोणाच्या तरी खांद्यांनी दिलेली असते.

बुरशीचे विष

आता आपल्या पुडीतल्या भगरीकडे परत येऊ. तिचे टरफल कारखान्यातच निघालेले असते. त्यानंतर ती गोदामात, दुकानात आणि घरातल्या डब्यात किती महिने राहिली याचा पत्ता नसतो. आषाढी एकादशी आणि श्रावणातले उपास ऐन पावसाळ्यात येतात, नवरात्र पावसाळा सरता सरता येते. म्हणजे हवेत ओल असतानाच भगरीचा खप वाढतो. उपासाच्या दिवशी भगर किंवा भगरीचे पीठ खाऊन अनेकांना उलट्या, चक्कर व मळमळ झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. याविषयी राज्याचे अन्न व औषध प्रशासन लोकांना सूचना देत असते. भगरीवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्ये तयार करते, म्हणून भगर स्वच्छ व कोरड्या जागी ठेवावी, जुनी भगर वापरू नये आणि पीठ फार दिवस साठवू नये, असे त्या सूचनांचे सार आहे.

कोदोच्या बाबतीत हा धोका डोंगरातील लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कापणीच्या वेळी पाऊस झाला आणि कोदो भिजला, तर तो खाऊन माणसाला गुंगी येते, हातपाय थरथरतात, उलट्या होतात. पूर्वी लोकांना वाटे की कोदोतच काही मादक गुण आहे. १९८५ साली भारतीय संशोधकांनी अशा कोदोत सायक्लोपियाझोनिक आम्ल हे विष असल्याचे दाखवले. हे विष कोदो तयार करत नाही. त्यावर वाढणारी बुरशी ते तयार करते. आपले स्नायू आकुंचन पावतात आणि सैल होतात ते पेशींतील कॅल्शियमच्या ये-जा करण्यामुळे. कॅल्शियम परत साठ्यात ढकलणाऱ्या प्रथिनाचे काम हे विष बंद पाडते.

या विषाचा प्रताप अगदी अलीकडे दिसला. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातील बांधवगड व्याघ्र प्रकल्पात तीन दिवसांत दहा रानटी हत्ती मेले. त्यांनी शेतातील कोदो मोठ्या प्रमाणात खाल्ला होता. बरेली येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यांच्या अवयवांच्या नमुन्यांत सायक्लोपियाझोनिक आम्ल आढळले.

शिजवल्याने असे विष खात्रीने नाहीसे होत नाही. बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेले विष शिल्लक राहू शकते. म्हणून खरा उपाय एकच, बुरशी वाढूच न देणे. धान्यातील पाण्याचे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असले तर बुरशीला वाढणे कठीण जाते. कडक उन्हात वाळवणे, भिजलेली रास वेगळी काढणे, टरफलासकट साठवणे आणि लागेल तेवढेच सडणे, या सर्व जुन्या सवयींचा अर्थ आता तुमच्या लक्षात येईल.

तक्त्यातील आकडे

कारखानदारांनी भगर खवट होऊ नये म्हणून वेगळा उपाय काढला आहे. दाणा घासून पांढरा करायचा. कोंडा गेला की त्यातले तेल गेले आणि दाणा अधिक टिकतो. पण कोंड्याबरोबर तंतू, काही जीवनसत्त्वे आणि खनिजेही जातात. २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कुटकीत प्रथिने सुमारे १०.१ ग्रॅम आणि तंतू ७.७ ग्रॅम असतात. सडीक तांदळात हेच आकडे ७.९ आणि २.८ आहेत. परंतु शुभ्र पांढऱ्या भगरीला कुटकीचे हे आकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत.

लोहाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. याच संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम कुटकीत ९.३ मिलिग्रॅम लोह दिलेले होते. २०१७ च्या तक्त्यांत ते सुमारे १.३ मिलिग्रॅम आहे! दाणा किती सडलेला होता, त्याला माती लागलेली होती का, वाण कोणता, मोजण्याची पद्धत कोणती, यांवर असे आकडे अवलंबून असतात. म्हणून ‘कुटकी खा, लोह मिळवा’ अशी जाहिरात वाचली की पहिला प्रश्न विचारावा: कोणती कुटकी, आणि कशी सडलेली?

शिवाय दाण्यात लोह असले तरी ते सर्व अंगी लागत नाही. धान्यांत फायटिक आम्ल असते. ते लोहाला घट्ट धरून ठेवते. गोंड लोक कुटकीची किंवा कोदोची पातळ पेज करतात आणि शेतावर जाताना ती भोपळ्याच्या तुंब्यात भरून नेतात. पीठ आंबवून आंबीलही करतात. आंबताना लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू वाढतात. आंबटपणा वाढला की फायटिक आम्ल तोडणाऱ्या विकरांचे काम सुलभ होते आणि अडकलेले लोह मोकळे होऊ लागते.

डोंगरातील इतर अन्नातही कृतीलाच महत्त्व आहे. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते, खातात. कच्च्या कोंबांत सायनाइड सोडणारे एक द्रव्य असते. कोंब बारीक चिरून, पाण्यात ठेवून, चांगले उकळतात. चिरल्यामुळे हायड्रोजन सायनाइड सुटते, आणि ते अत्यंत बाष्पनशील असल्याने वाफेबरोबर निघून जाते. कोंब मोठे चिरून घाईने परतले, तर हे घडणार नाही.

कुटकी मागे का पडली?

एवढे सगळे असून कुटकीची शेते का आटली? कारणे अनेक आहेत. सोयाबीन व मका विकून रोख पैसा मिळतो. रेशनच्या दुकानातून तांदूळ आणि गहू स्वस्त मिळतात व ते सडावे लागत नाहीत. भाताच्या गिरणीत एवढा लहान दाणा नीट सडला जात नाही. ज्या बाईला दिवसभर मजुरी करून घरी येऊन मुसळ उचलावे लागते, तिने तयार तांदूळ पसंत केला तर तिला दोष कसा देणार?

१९९३ साली मेळघाटातील बालमृत्यू आणि कुपोषण यांकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष गेले. केवळ कुटकी परत आणल्याने हा प्रश्न सुटेल असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्यात रोजगार, दवाखाना, पिण्याचे पाणी आणि मातांचे आरोग्य या सर्वांचा वाटा आहे. पण उतारावर कमी पाण्यात येणारे आणि अडचणीच्या महिन्यात हाती पडणारे धान्य शेतातून गेले, की कुटुंब बाजारावर अधिक अवलंबून राहते, हेही तितकेच खरे.

भारताने २०१८ हे भरडधान्यांचे राष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून. तेव्हापासून कुटकीला शहरात मागणी वाढली आहे. आता लहान दाण्यासाठी खास बनवलेली सडण्याची यंत्रेही मिळतात. असे यंत्र गावातच बसले तर तीन गोष्टी साधतात. स्त्रियांचे श्रम वाचतात, धान्य टरफलासकट गावात टिकते आणि ताजे सडलेले, कोंड्यासह असलेले धान्य शहरात जाऊ शकते.

करून पाहा

१. भगरीचे शंभर दाणे आणि तांदळाचे शंभर दाणे मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजूवर दोन्हींचे वजन करा. एका ग्रॅममध्ये प्रत्येकाचे किती दाणे मावतील ते काढा.

२. निरनिराळ्या दुकानांतून भगरीचे दोन-तीन नमुने आणा. रंग, वास आणि वेष्टनावरील तारीख यांची नोंद करा. शक्य झाल्यास न घासलेली कुटकीही मिळवा व दोन्ही बहिर्गोल भिंगाखाली पाहा. कोंड्याचा करडा-तपकिरी थर कोणत्या दाण्यावर आहे?

३. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. तीन सारख्या काचेच्या बाटल्या घ्या. एकीत कोरडी भगर, दुसरीत चार थेंब पाणी शिंपडलेली भगर आणि तिसरीत तेवढेच पाणी शिंपडलेले भगरीचे पीठ ठेवा. झाकणे घट्ट लावून आठ दिवस बाहेरूनच निरीक्षण करा. बुरशी प्रथम कोठे दिसली? बाटल्या उघडू नका, वास घेऊ नका, आणि प्रयोग संपल्यावर झाकणासकट टाकून द्या.

पुढच्या उपासाला घरात भगर आणायची असेल, तेव्हा तारीख पाहून लहान पुडी आणा, निवडून घ्या, आणि पीठ हवे असेल तर त्याच दिवशी लागेल तेवढेच दळा. सातपुड्यातील एखादी कोरकू आजी कणगीतून दोन दिवसांची कुटकी काढते, ती याच कारणासाठी.